विषाणू एकटा वाढत नाही: फ्लू, आरएसव्ही आणि पेशीची संदेशयंत्रणा

पेशीवेल्हाळ

मागे औषधांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की विषाणूला मारायचं सोडून संशोधक आपल्याच पेशीतल्या प्रथिनांच्या मागे का लागतात? तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. विषयांतर चालेल, फक्त गाडी लशीच्या वादावर नेऊ नका ही विनंती.

फ्लूच्या विषाणूची सगळी मालमत्ता म्हणजे आरएनएचे ८ तुकडे आणि त्यांवरून बनणारी डझन-दीड डझन प्रथिनं. रायबोसोम नाहीत, ऊर्जेची सोय नाही. हे सगळं तो पेशीकडून उकळतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण त्या शिकवण्यात पेशी म्हणजे जणू आयती यंत्रसामग्री, विषाणूने येऊन बटण दाबायचं एवढंच. प्रत्यक्षात पेशी सतत निर्णय घेत असते: वाढायचं की थांबायचं, शेजाऱ्यांना सावध करायचं की गप्प बसायचं, जगायचं की मरायचं. हे निर्णय घेणारी प्रथिनं विषाणूच्या वाढीत थेट गुंतलेली असतात आणि त्यांचा पक्ष ठरलेला नसतो. एकच प्रथिन एका तासाला विषाणूच्या वाटेत उभं असतं आणि काही तासांनी त्याचंच काम करत असतं. माझ्या मते या विषयात 'कोणतं प्रथिन' यापेक्षा 'केव्हा' हा प्रश्न मोठा आहे, आणि लोकप्रिय लेखांत नेमका तोच गाळला जातो.

थोडी पूर्वतयारी. पेशीबाहेरून काही कळलं की पृष्ठभागावरचा ग्राही जागा होतो, तो आतल्या प्रथिनाला चेतवतो, ते पुढच्याला. चेतवण्याची रीत बहुतेक वेळा एकच असते: कायनेज जातीचं प्रथिन पुढच्यावर ठरलेल्या जागी फॉस्फेटचा गट चिकटवतं. त्याने त्या प्रथिनाचा आकार किंवा विद्युतभार बदलतो आणि ते कामाला लागतं. फॉस्फटेज येऊन तो गट काढून टाकतात आणि पुन्हा शांतता. राफ, मेक आणि ईआरके ही अशीच एक नावाजलेली साखळी. पेशीच्या वाढीसाठी आणि विभाजनासाठी ती अत्यावश्यक, आणि बऱ्याच कर्करोगांत नेमकी तीच बेलगाम झालेली असते.

आता फ्लू झालेली एकच पेशी डोळ्यांसमोर आणा. बहुतेक आरएनए विषाणू पेशीद्रवातच आपल्या प्रती काढतात. फ्लू हट्टाने केंद्रकात जातो. तिथे नव्या आरएनए तुकड्यांच्या प्रती निघतात, प्रत्येक तुकड्याभोवती एनपी नावाचं प्रथिन गुंडाळलं जातं. विषाणूची बाहेरची प्रथिनं, त्यातलं मुख्य हिमॅग्लुटिनिन, तयार होतात पेशीद्रवात आणि जाऊन बसतात पेशीच्या पडद्यात. म्हणजे माल केंद्रकात आणि बांधणी पडद्याशी. तुकडे फार लवकर बाहेर पडले तर प्रती कमी निघतील, फार उशिरा निघाले तर पेशीच मरून जाईल. मग निघण्याची वेळ झाली हे केंद्रकाला सांगतं कोण?

उत्तर मला आजही थक्क करतं. हिमॅग्लुटिनिन पडद्यातल्या कोलेस्टेरॉलने भरलेल्या चकत्यांमध्ये पुरेसं साचलं, की तिथे प्रोटीन कायनेज सी-अल्फा चेततं. त्यातून राफ, मेक, ईआरके अशी आपलीच साखळी पेटते. ईआरके पुढे आरएसके नावाच्या कायनेजला चेतवतं, आणि ते एनपीवरच्या दोन सेरीन या अमिनो आम्लांवर (२६९ आणि ३९२ या क्रमांकांच्या जागा) फॉस्फेट बसवतं. मग त्या तुकड्याला विषाणूचं एम१ प्रथिन धरू शकतं आणि पेशीची नेहमीची निर्यातव्यवस्था तुकडे केंद्रकाबाहेर काढते. पडद्याशी बांधणीची तयारी झाली हा निरोप केंद्रकापर्यंत पोचवण्यासाठी विषाणूने स्वतःचं एकही नवं प्रथिन खर्च केलेलं नाही. वाढीचा निरोप नेणारी पेशीची यंत्रणा त्याने वेळ कळवायला वापरली.

हे उलगडायला सुरुवात झाली २००१ साली, जर्मनीत. यू०१२६ नावाच्या रसायनाने मेक बंद केलं तर विषाणूचे आरएनए आणि प्रथिनं तयार होत राहिले, पण तुकडे केंद्रकातच अडकून पडले आणि बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंची संख्या घसरली. उत्पादन चालू, माल गोदामात.

दुसरं उदाहरण पीआय३के आणि एकेटी या जोडीचं. ही जोडी पेशीला 'जगत राहा' सांगते. फ्लूचं एनएस१ प्रथिन पीआय३केच्या पी८५-बीटा या घटकाला चिकटून ती चालू ठेवतं, म्हणजे लागण झालेल्या पेशीचा आत्मनाश लांबतो. पण शेवटाकडे मरणाची यंत्रणासुद्धा उपयोगी पडते! कॅस्पेज-३ हे आत्मनाश घडवणारं प्रथिन चेतलं की केंद्रकाच्या छिद्रांची चाळण सैल होते आणि तुकडे बाहेर पडणं सोपं जातं. म्हणून आधी मरण थोपवायचं आणि मग थोडं चालू द्यायचं.

एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं आहे. ते दाह आणि इंटरफेरॉन (शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन) यांची जनुकं चालू करतं, म्हणून पाठ्यपुस्तकात ते विषाणूविरोधी. पण तेच ट्रेलसारखी मरणाचा संदेश देणारी प्रथिनंही बनवायला लावतं, त्यातून कॅस्पेज चेततात आणि वर सांगितल्याप्रमाणे विषाणूचं फावतं.

आणि आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांच्या छातीत कफ भरवणारा तो. २०२० साली दाखवलं गेलं, की त्याचं एफ प्रथिन पृष्ठभागावरच्या आयजीएफ१आर या वाढीच्या ग्राहीला चिकटतं. त्याने आत प्रोटीन कायनेज सी-झीटा चेततं. त्याचा परिणाम असा, की एरवी केंद्रकात राहणारं न्यूक्लिओलिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. दार ठोठावून आतल्याच माणसाला बाहेर बोलवायचं आणि त्याचा हात धरून घरात जायचं, असला हा प्रकार.

इंटरफेरॉनबद्दल मुद्दाम कमी लिहिलं, ते प्रतिसादांत येईलच.

---

उनाड_पाखरू

वाचनखूण साठवली आहे. आरएसव्हीचा परिच्छेद दोनदा वाचला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

टिंबटिंब

छान लिहिलंय. पण म्हणजे ईआरके घरभेदी म्हणायचं का? आणि ते बंद केलं तर पेशीचं काय होईल? वाढीची साखळी तोडणं म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर नाही का?

---

पेशीवेल्हाळ

@टिंबटिंब, घरभेद्याचा हेतू वाईट असतो. ईआरके नेहमीचंच काम नेहमीच्याच पद्धतीने करतंय.

उपायाबद्दल: मेक रोखणारी औषधं नवीन नाहीत. ट्रामेटिनिबला मेलानोमासाठी २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगात ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, आणि पुरळ, डोळ्यांचे आणि हृदयाचे त्रास होऊ शकतात. श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गात औषध काही दिवसच द्यायचं असतं, हा मोठा फरक आहे. झॅप्नोमेटिनिब नावाचा मेकरोधक याच विचाराने पुढे आला. इस्पितळात दाखल कोविडच्या रुग्णांवर त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. कल औषधाच्या बाजूने होता, पण रुग्णसंख्या छोटी राहिली आणि फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

मग खटाटोप कशाला? कारण विषाणू स्वतःचं प्रथिन झटपट बदलतो. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध विषाणूच्या न्यूरामिनिडेज या प्रथिनावर काम करतं. २००७-०८ च्या हंगामात त्याला न जुमानणारा हंगामी एच१एन१ दिसू लागला आणि पुढच्या हंगामात जगभर पसरला. न्यूरामिनिडेजमधलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं, २७५ क्रमांकावरचं. मेकचं जनुक मात्र माणसाच्या गुणसूत्रावर आहे, विषाणूला त्यात उत्परिवर्तन करता येत नाही.

---

शंकासूर

हे शेवटचं वाक्य प्रत्येक प्रकल्पप्रस्तावात असतं, म्हणून जरा टोचतो. विषाणूला मेक बदलता येत नाही, पण त्या वाटेवरचं अवलंबित्व कमी करता येतं. कितीतरी विषाणूंना एकाच मुक्कामाला जायच्या दोन वाटा माहीत असतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आठवा. व्हेरो पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माकडाच्या पेशी) त्याने कोविडचा विषाणू सार्स-कोव्ह-२ रोखला जायचा. त्या पेशींत विषाणू एंडोसोम नावाच्या पेशीतल्या पिशवीतून आत जातो आणि हे औषध एंडोसोमची आम्लता घालवतं. पण फुप्फुसाच्या कॅल्यू-३ पेशींवर टीएमपीआरएसएस२ हे प्रथिन असतं, ते विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला पृष्ठभागावरच कापून देतं. विषाणू तिथूनच आत. औषध निष्प्रभ! हे २०२० मध्येच छापून आलं होतं. तोवर जगभर चाचण्या सुरू झाल्या होत्या.

दुसरं, 'पेशीवरची औषधं' म्हणून २०२० मध्ये जी भलीमोठी यादी फिरत होती, तिच्यातल्या कितीतरी औषधांचा प्रयोगशाळेतला परिणाम फॉस्फोलिपिडोसिसमुळे होता, असं २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. विद्युतभारित, तेलकट रेणू पेशीत साचतात, पेशीतली मेदाची व्यवस्था बिघडते आणि विषाणूची वाढ मंदावते. लक्ष्य म्हणून सांगितलेल्या प्रथिनाचा त्यात काही संबंध नव्हता. पेशी आजारी पाडली तर विषाणूही आजारी पडणारच. त्याला उपचार म्हणत नाहीत.

---

पेशीवेल्हाळ

@शंकासूर, मान्य, आणि यात आणखी भर घालतो. कोणत्या पेशीत प्रयोग केला हे वाचल्याशिवाय या विषयातला एकही शोधनिबंध वाचू नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हेरो पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून काढल्या. त्यांच्यात टाइप-१ इंटरफेरॉनची जनुकंच गळालेली आहेत, म्हणून त्यांत विषाणू मजेत वाढतात आणि लसनिर्मितीला त्या सोयीच्या पडतात. पण इंटरफेरॉनचा संदेश विषाणूच्या वाढीवर काय परिणाम करतो हे त्यांत कसं कळणार?

ए५४९ ही फुप्फुसाची म्हणून फ्लूच्या संशोधनात सर्रास वापरली जाणारी पेशी. ती आली फुप्फुसाच्या कर्करोगातून आणि तिच्यात के-रास जनुकाचं उत्परिवर्तन आहे. साखळीत रासचं प्रथिन बसतं राफच्या वर. म्हणजे ज्या साखळीचा अभ्यास करायचा ती साखळी आधीच अर्धी पेटलेली!

आणि उंदीर. प्रयोगशाळेतल्या बहुतेक शुद्ध वाणांच्या उंदरांत एमएक्स१ हे फ्लूविरोधी जनुक मोडकं आहे. हे कळलं कसं, तर १९६२ मध्ये जीन लिंडनमान यांनी ए२जी वाणाचे उंदीर फ्लूला दाद देत नाहीत हे नोंदवलं. ते चांगलं जनुक असलेले उंदीर अपवाद ठरले, मोडकं जनुक असलेले 'सामान्य'.

---

काजवा७

लिंडनमान म्हणजे इंटरफेरॉनवालेच ना?

---

पेशीवेल्हाळ

तेच. १९५७, लंडनच्या मिल हिलमधली राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था, आयझॅक्स आणि लिंडनमान. कोंबडीच्या गर्भाच्या आवरणाचे तुकडे उष्णतेने मारलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. त्या द्रवात काहीतरी उतरलं, जे दुसऱ्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूची वाढ थांबवत होतं. त्या 'काहीतरी'ला इंटरफेरॉन नाव दिलं.

आता आतला तपशील माहीत आहे. फ्लूच्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात, ते पेशीतलं रिग-आय हे प्रथिन ओळखतं. ते मायटोकॉन्ड्रियावरच्या माव्ह्‌स प्रथिनाला चेतवतं, तिथून टीबीके१, मग आयआरएफ३ केंद्रकात जाऊन इंटरफेरॉनचं जनुक चालू करतं. इंटरफेरॉन बाहेर पडून शेजारच्या पेशीच्या ग्राहीवर बसतं, तिथे जॅक आणि स्टॅट ही प्रथिनं चेततात आणि शेकडो संरक्षक जनुकं जागी होतात.

फ्लूचं एनएस१ हे जागोजाग तोडतं. रिग-आयला चेतवणाऱ्या ट्रिम२५ ला अडवतं, आणि पेशीचे निरोप्या-आरएनए नीट तयारच होऊ देत नाही, म्हणजे इंटरफेरॉनचं जनुक चालू झालं तरी उपयोग नाही. आरएसव्हीची एनएस१ आणि एनएस२ जोडी स्टॅट२ लाच नष्ट करवते. नावं सारखी असली तरी फ्लूच्या एनएस१ शी त्यांचं काही नातं नाही.

---

औषधीशास्त्री

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून 'केव्हा' या मुद्द्यावर रुग्णाच्या बाजूने लिहितो.

पहिल्या काही दिवसांत विषाणू वाढत असतो, तेव्हा इंटरफेरॉनचा संदेश जोरात हवा. नंतर विषाणू उतरणीला लागतो, पण दाह चढतच राहतो, तेव्हा हाच संदेश आवरायला हवा. इस्पितळात दाखल झालेल्या कोविड रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा दिलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत फायदा दिसला नाही. उलट लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच पेगइंटरफेरॉन-लॅम्डाचं (इंटरफेरॉनचाच एक प्रकार) एक इंजेक्शन दिलं, तर दाखल व्हावं लागण्याचं किंवा तातडीच्या विभागात बराच काळ ठेवावं लागण्याचं प्रमाण ५.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं (टुगेदर चाचणी, २०२३).

उलट बाजूला बॅरिसिटिनिब. ते जॅक१ आणि जॅक२ रोखतं, म्हणजे इंटरफेरॉनचा निरोपसुद्धा कापतं. विषाणूशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ते घातक ठरायला हवं. पण दाखल रुग्णांच्या रिकव्हरी चाचणीत मृत्यू १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, तेही बहुतेक जण आधीच स्टेरॉइडवर असताना. तीच साखळी, दोन टोकांचे उपचार, आणि दोन्ही आपापल्या दिवशी बरोबर. डेक्सामेथासोनचंही तसंच: ऑक्सिजन लागणाऱ्यांना फायदा, न लागणाऱ्यांना काही नाही.

इथे एक अडचण सांगतो, जी प्रयोगशाळेतल्या मंडळींना नसते. पेशीत विषाणू केव्हा टाकला हे त्यांना मिनिटागणिक माहीत असतं. रुग्ण येतो तेव्हा 'ताप कधीपासून?' या प्रश्नाचं उत्तर रुग्ण एक देतो, बरोबर आलेला नातेवाईक दुसरं.

---

उनाड_पाखरू

मग काहींना नुसती सर्दी आणि काहींना व्हेंटिलेटर, हे या संदेशयंत्रणेमुळेच होतं का?

---

औषधीशास्त्री

वय आणि इतर आजार आहेतच. पण या यंत्रणेचाही वाटा आहे आणि तो मोजला गेलाय. २०२० मध्ये जिवावर बेतलेल्या कोविडच्या ९८७ रुग्णांत १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच टाइप-१ इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सापडली. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष. सौम्य किंवा लक्षणंच नसलेल्या ६६३ जणांत एकही नाही. निरोप निघाला, वाटेतच हरवला.

---

काजवा७

थंड हवेत सर्दी होते याच्याशी याचा काही संबंध? ऱ्हायनोव्हायरस ३३ अंशाला जास्त वाढतो असं वाचलं होतं.

---

पेशीवेल्हाळ

हो, आणि हे माझं आवडतं उदाहरण. नाकातलं तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, फुप्फुसात ३७. ऱ्हायनोव्हायरसला थंडावा मानवतो हे जुनंच निरीक्षण. विषाणूच्या स्वतःच्या यंत्रणेलाच थंडी आवडत असावी असा समज होता. २०१५ मध्ये उंदराच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर प्रयोग झाला. ३७ अंशाला पेशींनी इंटरफेरॉनचा प्रतिसाद जास्त जोरात दिला. मग माव्ह्‌स नसलेल्या किंवा इंटरफेरॉनचा ग्राही नसलेल्या पेशी घेतल्या, तर त्यांच्यात विषाणू ३७ अंशालाही चांगला वाढला. विषाणूला थंडी लागते यापेक्षा पेशीची सावधगिरी थंडीत मंदावते, हे जास्त खरं.

---

टिंबटिंब

एक भाबडा प्रश्न. एनएफ-कप्पा-बी रोखलं तर फ्लू रोखता येईल, आणि ॲस्पिरिन एनएफ-कप्पा-बी रोखतं असं कुठेतरी वाचलंय. मग फ्लूला ॲस्पिरिन चालेल?

---

औषधीशास्त्री

नाही. हे ठळक अक्षरात, कारण धागे गूगलवर सापडतात. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोमचा धोका असतो. यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

---

पेशीवेल्हाळ

आणि विज्ञानाच्या बाजूने: पेशींत ॲस्पिरिनने विषाणूची वाढ कमी झाली हे खरं आहे. पण त्यासाठी लागलेली मात्रा गोळी घेऊन रक्तात सुरक्षितपणे गाठण्यासारखी नव्हती. म्हणून त्याचा विरघळणारा प्रकार वाफाऱ्यासारखा थेट फुप्फुसात देण्याच्या चाचण्या झाल्या, त्याही इस्पितळात, देखरेखीखाली. गोळीशी त्याची तुलना होत नाही.

---

शंकासूर

बरं, मग पेशीवेल्हाळ, तुमच्या मते विश्वास ठेवावा असा प्रयोग कोणता?

---

पेशीवेल्हाळ

माणसाच्या श्वासनलिकेतून थेट घेतलेल्या पेशी, कर्करोगातल्या नव्हेत. त्या जाळीदार पडद्यावर वाढवायच्या, खालून पोषकद्रव आणि वरून हवा. तीन-चार आठवड्यांत त्यांना केसल (बारीक केसांसारखे हलणारे तंतू) फुटतात, त्या श्लेष्मा सोडू लागतात. त्यांत इंटरफेरॉनचं जनुकही शाबूत असतं आणि रासही ताळ्यावर. मग रोधक विषाणूच्या आधी, सोबत, चार तासांनी आणि बारा तासांनी असा वेगवेगळ्या वेळी टाकायचा, आणि प्रत्येक वेळी पेशी जिवंत आहेत ना हे वेगळं तपासायचं. रोधक फक्त विषाणूच्या आधी टाकून काढलेला आलेख असेल तर मी पुढे वाचत नाही.

---

शंकासूर

बारा तासांवाला आलेख असलेले निबंध किती सापडतात ते मात्र विचारत नाही. :)